क्लीव्हलंडचे तीन उन्हाळे

दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघालेली मराठी फौज पावसाळा तोंडावर आला की छावणीला परतत असे. आणि तलवारी म्यानात असलेल्या त्या चार महिन्यांत कोणाचा सरंजाम कायम राखावा, कोणत्या पथकाची बाकी चुकती करावी, कोणता शिलेदार नव्याने चाकरीस ठेवावा, याचे निर्णय दप्तरात बसून होत. पुढल्या मोहिमेचे यशापयश पुष्कळदा त्या शांत महिन्यांतील कागदांवरच ठरून जाई. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलच्या वर्षाची घडीही अशीच आहे. ऋतू निराळे, पण महिने जवळजवळ तेच. जूनमध्ये अंतिम मालिका संपते, क्रीडागृहातले दिवे मालवतात, आणि ऑक्टोबरात नवा हंगाम उघडेपर्यंत संघांच्या कचेऱ्यांत करारनामे लिहिले जातात, मोडले जातात, खेळाडूंची अदलाबदल होते, नवागतांची निवड होते. प्रेक्षकाला या काळात पाहण्यासारखे काहीच नसते. तरी त्याच्या काळजाचा ठोका याच काळात अधिक चुकतो, कारण चेंडूकडे डोळे लावून बसणे निराळे आणि बंद दाराकडे डोळे लावून बसणे निराळे.

ओहायो राज्यातील क्लीव्हलंड या शहराने असे तीन उन्हाळे अनुभवले, प्रत्येकी चार वर्षांच्या अंतराने: २०१०, २०१४ आणि २०१८. तिन्ही वेळा प्रश्न एकाच खेळाडूचा होता आणि तिन्ही वेळा निर्णय त्याच्या हाती होता. पण त्या निर्णयाकडे पाहण्याची शहराची दृष्टी पहिल्या उन्हाळ्यात जी होती, ती तिसऱ्यात राहिली नाही. हे स्थित्यंतर कसे घडले, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच आहे.

प्रथम त्या शहराची ओळख करून घेतली पाहिजे, कारण लेब्रॉन जेम्स या एका माणसावर त्याने जो भार टाकला, त्याचे मूळ शहराच्या इतिहासात आहे. ईरी सरोवराच्या काठी वसलेले, पोलाद आणि यंत्रे यांच्या बळावर वैभवाला चढलेले क्लीव्हलंड १९५० साली ९,१४,८०८ वस्तीचे नगर होते; २०१० च्या शिरगणतीत तेथे ३,९६,८१५ माणसे उरली होती. मधल्या काळात कारखाने बंद पडले, १९६९ साली कायहोगा नदीवर साचलेल्या तेलकट मळाने पेट घेतला, आणि १९७८ च्या डिसेंबरात नगरपालिकेला आपल्या कर्जाचे हप्ते चुकविता आले नाहीत. क्रीडाक्षेत्रातही दैव तसेच. १९६४ साली ब्राउन्स या फुटबॉल संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले, त्यानंतर दशकानुदशके शहराच्या कोणत्याही प्रमुख संघाला ते मिळाले नाही. १९८९ साली मायकेल जॉर्डनने अखेरच्या क्षणी मारलेल्या एका चेंडूने बास्केटबॉल संघाची वाट अडविली. १९९५ साली खुद्द ब्राउन्सच्या मालकाने आपला संघ बाल्टिमोरला हलविण्याचे जाहीर केले. १९९७ साली बेसबॉलचा संघ अंतिम मालिकेच्या सातव्या सामन्यात, जादा डावात, हरला. कॅव्हलिअर्स या बास्केटबॉल संघाच्या दप्तराचीही कीर्ती अशी की, १९८० नंतरच्या तीन वर्षांत टेड स्टेपियन या मालकाने पुढल्या वर्षांचे नवागत निवडण्याचे हक्क इतक्या बेहिशेबी वृत्तीने देऊन टाकले की, लागोपाठ दोन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क कोणत्याही संघाला देता येणार नाहीत, असा निर्बंध एनबीए या संघटनेला घालावा लागला. आणि तो निर्बंध आजही स्टेपियनच्याच नावाने ओळखला जातो.

अशा या संघाला, नवागतांच्या निवडीचा क्रम ठरविणाऱ्या २००३ च्या सोडतीत, पहिल्या निवडीचा मान मिळाला, आणि त्या वर्षी पहिला निवडला जाणारा खेळाडू कोण, याविषयी कोणाच्याही मनात संदेह नव्हता. लेब्रॉन जेम्स अवघा अठरा वर्षांचा होता, आणि त्याचे गाव ॲक्रन क्लीव्हलंडपासून तासाभराच्या आतल्या अंतरावर होते. जे शहर पन्नास वर्षे आपली तरुण मुले दुसऱ्या शहरांकडे जाताना पाहत आले होते, त्याच्या पदरात आपल्याच मातीतला सर्वांत गुणी मुलगा पडला. आदल्या हंगामात ८२ पैकी १७ सामने जिंकणारा संघ २००७ साली अंतिम मालिकेपर्यंत पोहोचला, तेथे सॅन अँटोनियोकडून चारही सामने हरला. पुढे २००८–०९ मध्ये ६६ आणि त्यानंतरच्या हंगामात ६१ सामने त्याने जिंकले. विजेतेपद तेवढे हाती येईना. म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात कचेरी त्याच्याभोवती माणसे गोळा करीत राहिली. शकील ओ'नीलसारखा उतारवयातला महारथी आला, अँटवन जेमिसन आला. कचेरीच्या या घाईमागे एक तारीख होती. २००६ साली करार वाढविताना जेम्सने शक्य तेवढी लांब मुदत न घेता आखूड मुदत घेतली होती, आणि ती २०१० च्या जूनअखेर पुरी होत होती.

मुदत पुरी झाली की खेळाडूने हवे तिकडे जावे, हा हक्क आज सूर्यप्रकाशाइतका स्वाभाविक वाटतो. परंतु तो कोणी सहजी दिलेला नाही. पूर्वी करारनाम्याची मुदत संपली तरी खेळाडूवरचा संघाचा अधिकार संपत नसे. संघाने ठेवले तर राहावे, दिले तर जावे, एवढेच त्याच्या हाती असे. ही बेडी तोडण्याची फिर्याद ज्यांच्या नावाने न्यायालयात गुदरली, ते ऑस्कर रॉबर्टसन ओहायोच्याच दुसऱ्या टोकाला, सिनसिनाटीला, दहा वर्षे खेळले होते. खेळाडूंच्या संघटनेचे ते अध्यक्ष होते. १९७० साली त्यांनी हा दावा लावला, आणि त्याच वर्षी सिनसिनाटीने त्यांना दोन खेळाडूंच्या बदल्यात मिलवॉकीच्या हवाली केले. सहा वर्षांनी, १९७६ मध्ये, तडजोड झाली आणि जुने कलम गेले. १९८८ च्या करारानंतर मुदत संपलेल्या अनुभवी खेळाडूला कोणत्याही अटीवाचून संघ बदलता येऊ लागला. याच काळात प्रत्येक संघाने वेतनापोटी किती खर्च करावा याची मर्यादाही आली. १९८४–८५ मध्ये ती ३६ लाख डॉलर होती, २०१० च्या उन्हाळ्यात ती ५ कोटी ८० लाखांवर गेली होती. तात्पर्य, २०१० साली जेम्सने जो हक्क बजावला, तो त्याच्याच राज्यात राबलेल्या एका थोर खेळाडूने पुढच्या पिढ्यांसाठी मिळविलेली मिरास होती. क्लीव्हलंडला त्या उन्हाळ्यात या गोष्टीचा विसर पडला, आणि दुःखात माणसाला असा विसर पडतोच.

२०१० च्या १३ मे रोजी बॉस्टनने कॅव्हलिअर्सना स्पर्धेबाहेर काढले, आणि त्या रात्रीपासून शहराने जणू श्वास रोखून धरला. प्रशिक्षक माइक ब्राउन यांना बडतर्फ करण्यात आले. सरव्यवस्थापक डॅनी फेरी पायउतार झाले. महाविद्यालयीन क्षेत्रातले नामांकित प्रशिक्षक टॉम इझो यांना बोलावणे गेले, त्यांनी ते नाकारले. वृत्तपत्रांची पाने, नभोवाणीवरची संभाषणे, चहाकॉफीची दुकाने, प्रार्थनामंदिरांची आवारे यांत एकच विषय होता. राज्याच्या गव्हर्नरांसह अनेक प्रतिष्ठित मंडळींनी, तू येथेच राहा, अशी आळवणी करणारे गीत गाऊन त्याचे चित्रीकरण प्रसृत केले. जुलैच्या पहिल्या तीन दिवसांत सहा संघांचे वकील आपापले प्रस्ताव घेऊन क्लीव्हलंडमधील एका कचेरीच्या इमारतीत आले, आणि खाली रस्त्यावर माणसे त्या इमारतीच्या दाराकडे पाहत उभी राहिली. निवडणुकीचा निकाल ऐकण्यासाठी माणसे जमतात, तशी ती जमली होती. पण या निकालात त्यांचे मत कोणी विचारलेले नव्हते.

८ जुलैला रात्री नऊ वाजता, कनेटिकट राज्यातील ग्रीनिच या गावी, मुलांच्या एका क्लबच्या सभागृहातून, इएसपीएन या वाहिनीवर तासाभराचा खास कार्यक्रम झाला. जाहिरातींचे उत्पन्न त्या क्लबच्या संस्थेला दिले जाणार होते. सुमारे अर्धा तास इकडचेतिकडचे प्रश्न झाल्यावर जेम्सने मायामीचे नाव घेतले. जवळजवळ एक कोटी लोकांनी ते पाहिले. त्यांच्यात क्लीव्हलंडची जी माणसे होती, त्यांना आपला मुलगा घर सोडून जात असल्याची वार्ता घरच्या माणसांना आधी न कळता सगळ्या देशाबरोबर कळली. आणि जाण्यापेक्षाही या रीतीचीच जखम खोल गेली.

त्या रात्री शहरात त्याच्या जर्सी जाळण्यात आल्या. दुसऱ्या दिवशी 'प्लेन डीलर' या पत्राच्या पहिल्या पानावर, गेला, एवढ्याच अर्थाचा एक मोठा शब्द होता, आणि सात वर्षांत एकही विजेतेपदाची अंगठी नाही, हे त्याच्या हाताकडे बाण दाखवून लिहिले होते. नगराच्या मध्यभागी एका इमारतीच्या दर्शनी भिंतीवर दहा मजल्यांइतके उंच असे त्याचे चित्र होते. कामगारांनी ते उतरवायला घेतले, तेव्हा बघ्यांची गर्दी झाली. संघमालक डॅन गिल्बर्ट यांनी तर त्याच रात्री एक जाहीर पत्र काढून जेम्सवर भ्याडपणाचा आणि विश्वासघाताचा आरोप केला, आणि त्याच्याआधी आपण विजेतेपद मिळवू अशी प्रतिज्ञा केली. त्या पत्राबद्दल एनबीएने त्यांना एक लाख डॉलरचा दंड ठोठावला. प्रेक्षकांचा शोक मला समजतो. पन्नास वर्षांच्या उपेक्षेनंतर मिळालेले एकमेव सुख जाताना पाहणाऱ्या माणसाने तोलून बोलावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. मालकाची गोष्ट मात्र वेगळी होती. करारनाम्याच्या दोन पक्षांपैकी एक पक्ष तो स्वतः होता, आणि मुदत संपलेल्या चाकरीचा राजीनामा म्हणजे द्रोह नव्हे, हे त्याला ठाऊक असणे प्राप्त होते. पत्रातला राग शहराचा होता, पण त्यावरची सही मालकाची होती. त्यामुळे एका कायदेशीर हक्काच्या वापराला अपराधाचे रूप आले.

२ डिसेंबर २०१० रोजी जेम्स मायामीच्या वेशात क्लीव्हलंडच्या क्रीडागृहात उतरला. चेंडू त्याच्या हाती आला की सारे प्रेक्षागार धिक्काराने भरून जाई. त्याने ३८ गुण केले, आणि मायामीने ११८–९० असा विजय मिळविला. त्या हिवाळ्यात कॅव्हलिअर्सनी लागोपाठ २६ सामने गमावले. तोपर्यंत एका हंगामात इतके सलग पराभव कोणत्याही संघाने सोसले नव्हते. पुढच्या चार हंगामांत मिळून ९७ विजय आणि २१५ पराभव पदरी पडले. त्याच चार वर्षांत जेम्स मायामीबरोबर चारही वेळा अंतिम मालिकेत पोहोचला आणि दोनदा विजेता झाला.

तरीही या दुष्काळातच पुढच्या सुगीचे बी पेरले जात होते, आणि ते पेरणारी माणसे कचेरीत बसलेली होती. मुदत संपली असली तरी कागदोपत्री जेम्स रीतसर अदलाबदलीच्या मार्गाने गेल्यामुळे मायामीकडून क्लीव्हलंडला काही भावी निवडींचे हक्क मिळाले होते. २०११ च्या फेब्रुवारीत दोन खेळाडू लॉस एंजेलिसच्या क्लिपर्सना देऊन त्या बदल्यात बेरन डेव्हिसचा जड करार अंगावर घेण्यात आला, आणि त्याच्याबरोबर क्लिपर्सच्या पहिल्या फेरीचा हक्क आला. हा हक्क सोडतीत पहिला येण्याची शक्यता शंभरात अवघी २.८ होती, तो पहिला आला, आणि त्यावर कायरी अर्व्हिंग निवडला गेला. सगळेच डाव असे साधले नाहीत. २०१३ साली पहिल्या क्रमांकावर निवडलेला अँथनी बेनेट अपेक्षेला उतरला नाही. प्रशिक्षक बदलले, काढलेले ब्राउन परत आले आणि पुन्हा काढले गेले. सरव्यवस्थापक ख्रिस ग्रँट यांना हंगामाच्या मध्यावर जावे लागले आणि डेव्हिड ग्रिफिन यांनी कारभार हाती घेतला. मग २०१४ च्या सोडतीत, १.७ टक्के शक्यतेवर, पहिली निवड पुन्हा क्लीव्हलंडला आली, आणि कॅनडाचा एकोणीस वर्षांचा अँड्र्यू विगिन्स संघात दाखल झाला.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये एक लहानशी गोष्ट घडली होती, तिचे महत्त्व नंतर ध्यानात आले. झायड्रुनास इल्गाउस्कस या क्लीव्हलंडच्या जुन्या, लाडक्या खेळाडूचा अकरा क्रमांक सन्मानाने निवृत्त करण्याचा समारंभ होता. इल्गाउस्कसही २०१० साली मायामीला गेला होता. शहराने त्याला मात्र केव्हाच आपले म्हटले होते. त्या समारंभाला जेम्स प्रेक्षकांत येऊन बसला. चार वर्षांत राग निवळला होता, आणि दार थोडेसे किलकिले झाले होते.

जूनमध्ये मायामी अंतिम मालिका हरली आणि जेम्स पुन्हा मुक्त झाला. या वेळी क्लीव्हलंडच्या कचेरीने गवगवा न करता काम केले. १ जुलैला अर्व्हिंगशी पाच वर्षांचा करार ठरला. ९ जुलैला बॉस्टन आणि ब्रुकलिन यांच्याबरोबर तिहेरी सौदा करून तीन खेळाडू आणि एक भावी हक्क देऊन टाकण्यात आले. बदल्यात जवळजवळ काहीच घेतले नाही, कारण हवी होती ती वेतनमर्यादेखालची रिकामी जागा. गिल्बर्ट फ्लॉरिडात जाऊन जेम्सला गुप्तपणे भेटले, आणि २०१० चे ते पत्र संघाच्या संकेतस्थळावरून काढून टाकण्यात आले. प्रेक्षकांनी मालकाच्या विमानाच्या उड्डाणांचा माग काढला. काही जण ॲक्रनजवळच्या जेम्सच्या घरासमोर जाऊन उभे राहिले. ११ जुलैला 'स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड'मध्ये ली जेन्किन्स यांनी शब्दबद्ध केलेले जेम्सचे निवेदन आले. त्यात त्याने ईशान्य ओहायोशी असलेले आपले नाते सांगितले, विजेतेपदाचे वचन न देता धीर धरण्याची विनंती केली, आणि आपण घरी येत असल्याचे कळविले. शहर आनंदाने रस्त्यावर आले.

त्या निवेदनात त्याने भावी सोबत्यांची नावे घेतली होती. विगिन्स आणि बेनेट यांची नावे त्यात नव्हती. करार झाल्यावर तीस दिवस नवागताची अदलाबदल करता येत नाही, हा संघटनेचा शिरस्ता. ती मुदत सरताच २३ ऑगस्टला दोघेही केविन लव्हच्या बदल्यात मिनेसोटाला रवाना झाले, आणि २०१० साली मायामीकडून मिळालेला एक हक्कही याच सौद्यात फिलाडेल्फियाच्या नावे गेला. निवडीच्या दिवसापासून अठ्ठावन्न दिवसांत, क्लीव्हलंडसाठी एकही अधिकृत सामना न खेळता, विगिन्सचे त्या शहराशी असलेले नाते संपले. त्याला कोणी विचारले नव्हते, आणि त्याच्यासाठी कोणी हळहळलेही नाही. सौदा शहाणपणाचा होता, यात मला शंका नाही. पण खेळाडू गेला की त्याला द्रोह म्हणायचे, आणि संघाने खेळाडूला पाठविले की त्याला हिशेब म्हणायचे, हा भेद रॉबर्टसन यांच्या काळापासून चालत आला होता, आणि आनंदाच्या त्या दिवसांतही तो तसाच उभा होता.

पुढचा भाग जगाला ठाऊक आहे. २०१५ साली लव्ह आणि अर्व्हिंग जायबंदी झाले आणि गोल्डन स्टेटने अंतिम मालिका जिंकली. २०१६ साली त्याच संघाने नियमित हंगामात ७३ सामने जिंकण्याचा विक्रम केला आणि अंतिम मालिकेत ३–१ अशी आघाडी घेतली. ती तोडून, १९ जूनला ओकलंडमध्ये ९३–८९ असा सातवा सामना जिंकून, कॅव्हलिअर्स विजेते झाले. बावन्न वर्षांचा उपास सुटला, आणि मिरवणुकीला लाखोंचा समुदाय लोटला. मला मात्र त्या रात्रीचा विचार करताना पराभूतांच्या बाकाकडे पाहावेसे वाटते. तेथे अँडरसन व्हॅरेजाव बसला होता. २००४ पासून त्याने क्लीव्हलंडचीच चाकरी केली होती, दुष्काळाची चारही वर्षे तो तेथेच होता, आणि जेम्सने २०१४ च्या निवेदनात त्याचे नाव आवर्जून घेतले होते. चारच महिन्यांपूर्वी, फेब्रुवारीत, संघाने त्याला पोर्टलंडच्या हवाली केले, पोर्टलंडने मोकळे केले, आणि गोल्डन स्टेटने जागा दिली. ज्या विजयाची वाट त्याने बारा वर्षे पाहिली, तो त्याला समोरच्या बाजूने पाहावा लागला. निष्ठेची नोंद करणारा रकाना कोणत्याच करारनाम्यात नसतो. तो संघासाठी नसतो आणि खेळाडूसाठीही नसतो.

हे सत्य क्लीव्हलंडला हळूहळू उमगले असावे. २०१७ च्या उन्हाळ्यात अर्व्हिंगने स्वतःच बदली मागितली आणि तो बॉस्टनला गेला. २०१८ च्या १ जुलैला, मुदती आखूड ठेवण्याच्या आपल्या शिरस्त्याप्रमाणे पुन्हा मुक्त झालेल्या जेम्सने लॉस एंजेलिसच्या लेकर्सशी करार ठरविला. या वेळी कार्यक्रम झाला नाही. त्याच्या प्रतिनिधींनी छोटेसे निवेदन काढले, एवढेच. भिंतीवरचे भव्य चित्र पुन्हा उतरले. गिल्बर्ट यांनी पुन्हा पत्र लिहिले. त्यात आरोप नव्हता, आभार होते, आणि तेवीस क्रमांकाची जर्सी पुढेमागे सन्मानाने निवृत्त करण्याची ग्वाही होती. विजेतेपदाने मन मोठे झाले, हे त्याचे एक कारण खरेच. पण तेवढेच नव्हे. आठ वर्षांत या शहराने माणसे जाताना, येताना, पाठविली जाताना आणि परतताना पाहिली होती. चार उन्हाळे-पावसाळे पाहिलेल्या माणसाला जे कळते, ते त्याला कळले होते: ज्याला जाण्याचा हक्क आहे, त्याच्याच येण्याला किंमत आहे. २०१४ चे घरी येणे इतके गोड लागले, ते कोणी त्याला बांधून आणले नव्हते म्हणून.

२१ नोव्हेंबर २०१८ रोजी जेम्स लेकर्सच्या वेशात त्याच क्रीडागृहात उतरला. आठ वर्षांपूर्वीप्रमाणे याही वेळी पाहुण्यांनीच सामना जिंकला, १०९–१०५. त्याने ३२ गुण केले. त्याचे नाव पुकारले गेले तेव्हा प्रेक्षक उभे राहिले, आणि त्या छताखाली टाळ्यांचा कडकडाट बराच वेळ घुमत राहिला.